झालरीच्या वर काय आहे ते बघा: भाचीच्या लग्नातल्या मांडवाचा अनुभव

मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं, सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. भावजी नाहीत, त्यामुळे मांडवापासून वाजंत्र्यापर्यंत सगळं मी आणि माझा थोरला भाऊ बघत होतो. मांडवात आमची जी फसवणूक झाली, ती इथे सविस्तर लिहितोय. पुढच्या हंगामासाठी लोक आत्तापासूनच विसार द्यायला लागतील, त्याआधी हे त्यांच्या वाचनात यावं.

आमच्याकडे मे म्हणजे वळवाचा महिना. सातशे माणूस येणार, म्हणून पाण्याला दाद देणार नाही असा मांडव हवा होता. ओळखीतून एक मंडपवाला मार्चमध्ये घरी आला. मोबाइलवर त्याने पांढऱ्याशुभ्र जर्मन हँगरचे फोटो दाखवले. मधे एकही खांब नाही, दोन्ही बाजूंना जाड अ‍ॅल्युमिनियमचे पाय. मग पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढून आईच्या हातात दिला. चांगला जाड, ट्रकवरच्या ताडपत्रीसारखा जड. "आजी, धरा असा," म्हणाला आणि त्या कापडाची खोळ करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. थेंबही खाली आला नाही. आईने मान डोलावली आणि आमचा सौदा तिथेच ठरला.

साठ बाय एकशेवीस, म्हणजे ७,२०० चौरस फूट. पंचवीस रुपये फुटाने १,८०,००० रुपये. "पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी चढेल, आपल्या-आपल्यात कशाला?" असं तो म्हणाला. ३२,४०० रुपये वाचतात म्हणून आम्हीही गप्प बसलो. एक लाख रोख दिले. त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं: "वॉटरप्रूफ मंडप, ६० बाय १२०, एक लाख जमा." त्यावर ना दुकानाचा शिक्का, ना हँगर हा शब्द. ते पान मी स्वतः वाचून खिशात ठेवलं, तरी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, याची बोच अजून आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी एकच टेम्पो आला. त्यात लोखंडी पाइप, बांबू, कापडाची गाठोडी. हँगरचा सांगाडा एका टेम्पोत मावत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी विचारलं. उत्तर तयार होतं: "दादा, रान ऊस काढलेलं, भुसभुशीत आहे. हँगरची गाडी आत येणार नाही. हेही वॉटरप्रूफच आहे, काळजी करू नका." संध्याकाळी हळद, घर पाहुण्यांनी भरलेलं. त्या वेळी भांडायचं कोणी आणि दुसरा मांडव आणायचा कुठून? दुपारी मजुरांच्या पैशांच्या नावाखाली त्याने आणखी साठ हजार नेले. संध्याकाळपर्यंत वर गुलाबी-पांढरं सीलिंग लागलं, झालरी लागल्या, झुंबर लटकलं. सगळे म्हणाले, मांडव झकास झालाय.

घोळ त्या सीलिंगमध्येच होता. खाली उभं राहून वर बघितलं की कापड दिसतं, कापडाच्या वरचं काही दिसत नाही. शिडी लावून वर डोकवावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

गोरज मुहूर्त होता. साडेचारला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ टपोरे थेंब. पाच-दहा मिनिटांत सीलिंगला जागोजागी पोटं सुटली. पोरं बांबूने खालून ढोसून पाणी बाजूला काढायला लागली. असं करू नये, हे आता कळतंय. दहा बाय दहा फुटांच्या झोळात चार इंच पाणी साचलं तर त्याचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास भरतं. स्टेजवरचा झोळ शिवणीत फाटला आणि सगळं पाणी चौरंगावर, फुलांवर, नवरीसाठी मांडलेल्या खुर्चीवर आलं. त्याच वेळी वाऱ्याने एका कडेचे चार पाइप जमिनीतून उपटले. मे महिन्यातल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. त्यात दीड फुटी खुंट ठोकलेले आणि तेही फक्त कोपऱ्यांना. पाइप पडून एका मावशीचं मनगट मोडलं.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती विजेची. दिव्यांच्या वायरी त्याच पाइपांना गुंडाळलेल्या होत्या, जोडांना नुसती चिकटपट्टी. भावाने धावत जाऊन जनरेटर बंद केला म्हणून निभावलं. २०१९ च्या जूनमध्ये राजस्थानात तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावी रामकथेचा मांडव वादळात कोसळला, तेव्हा डझनाहून जास्त माणसं गेली, त्यातली काही विजेच्या धक्क्याने. ती बातमी मी तेव्हा वाचून विसरलो होतो.

लग्न लागलं मारुतीच्या देवळात, मिळेल त्या उजेडात. भाचीच्या शालूच्या काठाला चिखल होता आणि माझी बहीण पदराने तो पुसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच त्याची माणसं मांडव सोडायला आली. सीलिंग उतरल्यावर वरचा माल दिसला: पातळ निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे, जागोजाग ठिगळं, सुतळीने एकमेकांना बांधलेले, उतार जवळजवळ नाहीच. मांडव गेल्यावर रानात खांबांचे खड्डे तेवढे उरले. पुतण्याने टेप आणून एका टोकाच्या खड्ड्यापासून दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यापर्यंत माप घेतलं. पन्नास बाय एकशेपाच. म्हणजे ५,२५० चौरस फूट. नुसत्या मापातच त्याने ४८,७५० रुपयांना गंडवलं होतं.

फोन केला तर म्हणाला, "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं दादा?" वळीव निसर्गाचा होता, मान्य. पण साठाचे पन्नास निसर्गाने केले नव्हते. वर उरलेले वीस हजार मागत होता. ते आम्ही दिले नाहीत.

पुढे साताऱ्यातल्या एका कार्यात खराखुरा हँगर उभा होताना बघितला आणि तिथल्या कारागिराजवळ तासभर बसलो. त्याच्याकडून कळलं ते असं. हँगरच्या छताचं पीव्हीसी कापड साधारण ६५० ते ८५० जीएसएमचं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. सांगाडा बहुधा पाच-पाच मीटरच्या गाळ्यांत वाढत जातो, त्यामुळे लांबी नुसते गाळे मोजून कळते. प्रत्येक पायाखाली लोखंडी प्लेट आणि तिच्यातून लांब खिळे ठोकलेले असतात. जमीन धरत नसेल तर काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. चांगलं कापड ज्योत धरली तरी ती काढल्यावर आपोआप विझतं. नमुना मागून, मांडवापासून लांब, हे करून बघता येतं. मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस ८७५८ नावाचं भारतीय मानक आहे. मंडपवाल्याला त्याबद्दल विचारा, त्याच्या चेहऱ्यावरूनच बरंच कळेल.

आणि नमुन्याच्या तुकड्यावर अजिबात जाऊ नका. या आठवड्यात तुमचा मांडव कुठे उभा आहे, हे विचारा आणि तिथे जाऊन बघा. कापड, सांगाडा, माप आणि पाऊस आला तर काय, हे चारही शिक्क्याच्या बिलावर लिहून घ्या. जीएसटीचे पैसे गेले तरी जाऊ देत, पण बिल हातात असू दे. राहिलेली रक्कम मांडव उभा राहून, टेप लावून आणि सीलिंग लागण्याआधी वर चढून बघितल्यावरच द्या.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. आमची तक्रार दाखल झाली आहे. सोबत वहीचं ते पान जोडलंय आणि खड्ड्यांचे टेप लावलेले फोटोही. कापडाचा तो तुकडा मार्चमध्ये तो आमच्याकडेच विसरून गेला होता. आईने घडी घालून कपाटात ठेवलाय, तारखेला न्यायचा म्हणून.