रिओच्या किनाऱ्यावर खा, पण मशीनवरचा आकडा वाचून मगच पिन दाबा

रिओ दि जानेरोला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हे फोनवर सांगते आहे, म्हणून आता एकदाचे लिहूनच ठेवते. तिथे आम्ही फसलो ते जेवणाचे पैसे देताना. जेवणात काही खोट नव्हती. हे आधीच सांगते, कारण परत आल्यावर घरच्यांनी लगेच ठरवून टाकले की ब्राझीलमध्ये हॉटेलबाहेर काही खायचेच नाही. तसे केले तर रिओला जाऊन तुम्ही अर्धे रिओ न बघताच परत याल.

कोपाकबानाचा किनारा साधारण ४ किलोमीटर लांब आहे. जीवरक्षकांच्या ठाण्यांना तिथे पोस्तो म्हणतात, त्यांना क्रमांक असतात आणि कुठे भेटायचे ते लोक त्या क्रमांकावरूनच ठरवतात. आम्ही पोस्तो ५ च्या जवळ वाळूवर बसलो होतो. विक्रेते सतत फिरत असतात: माची नावाच्या पानांचा थंडगार चहा, बिस्कोइतो ग्लोबो नावाची कड्यासारखी गोल खारी किंवा गोड बिस्किटे, शहाळी, आणि केझू कोआल्यू. हा केझू म्हणजे काडीला टोचलेला, पनीरपेक्षा घट्ट चीजचा तुकडा. विक्रेता हातातल्या निखाऱ्यांच्या डब्यावर तो समोरच भाजून देतो. शाकाहारी माणसाला किनाऱ्यावर यासारखा दुसरा पदार्थ नाही.

आम्ही दोन केझू आणि दोन काइपिरीन्या, म्हणजे तिथली लिंबू घातलेली दारू, घेतल्या. भाव आधी विचारला होता, सगळे मिळून ८० रेआइस (ब्राझीलचे चलन) ठरले होते. पैसे द्यायच्या वेळी पदार्थ देणारा माणूस मागे सरला आणि कार्ड मशीन घेऊन दुसराच पुढे आला. मशीनच्या पडद्यावर ओरखडे होते, वर काळपट फिल्म चिकटवलेली होती आणि दुपारचे ऊन नेमके त्यावर पडत होते. नवऱ्याने पिन टाकला. तो माणूस मान हलवून म्हणाला, सिग्नल नाही, पैसे गेले नाहीत, दुसरे कार्ड द्या. दुसरे कार्ड दिले, तेही चालले नाही. शेवटी आम्ही ८० रेआइस रोख दिले आणि तो हसत हसत निघून गेला.

पहिल्या कार्डातून २,८०० रेआइस गेले होते. आपले चाळीस हजारांहून अधिक रुपये. आमच्या फोनमध्ये फक्त डेटाचे ई-सिम चालू होते, त्यामुळे बँकेचा एसएमएस आलाच नाही. रात्री खोलीत वायफाय लागल्यावर ईमेल दिसला. दुसरे कार्ड वाचले ते केवळ त्यावर परदेशातल्या व्यवहारांची मर्यादा दिवसाला दहा हजार रुपये ठेवलेली होती म्हणून. त्या माणसाने त्यातूनही तेवढीच रक्कम काढायचा प्रयत्न केला होता, बँकेच्या ॲपमध्ये नाकारलेला व्यवहार स्पष्ट दिसत होता.

हे इतके सहज कसे जमते, ते समजून घ्या. ब्राझीलमध्ये कार्ड मशीन कुणाकडेही असते. शहाळेवाला, मक्याचे कणीस विकणारा, खुर्च्या भाड्याने देणारा, सगळ्यांकडे. स्थानिक लोक बहुतेक वेळा पिक्सने पैसे देतात. तिथल्या केंद्रीय बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था आपल्या यूपीआयसारखीच आहे. पण तिला सहसा ब्राझीलमधले खाते लागते, म्हणून पाहुण्याकडे उरते कार्ड किंवा रोकड. ठगाला हे पक्के माहीत असते. त्याला हवा असतो असा गिऱ्हाईक, ज्याला पोर्तुगीज येत नाही, जो चलनाला सरावलेला नाही आणि ज्याच्या कार्डावर मोठी मर्यादा आहे.

त्यात आकडे लिहायची पद्धत आपल्या उलट. तिथे हजारानंतर टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे ८०,०० हे ऐंशी झाले आणि २.८०० हे दोन हजार आठशे. हे माहीत नसेल तर स्वच्छ पडद्यावरही डोळा फसू शकतो. मशीन हातात घेऊन स्वल्पविरामाच्या डावीकडे काय आहे ते वाचायचे. पडदा फुटलेला असेल, झाकलेला असेल, वाचता येत नसेल, तर कार्ड काढायचेच नाही. घाई केली, आवाज चढवला तरी नाही. व्यवहार झाला नाही असे कुणी म्हणाले तर तसे छापलेली पावती मागायची किंवा तिथेच ॲप उघडून बघायचे, आणि ते होईपर्यंत दुसरे कार्ड पाकिटातच ठेवायचे. कार्ड कुणाच्या हातात द्यायचे नाही. त्याच रंगाचे भलतेच कार्ड परत देऊन तुमचे घेऊन जाण्याचा प्रकारही तिथे सर्रास चालतो. पिन त्याने आधीच बघितलेला असतो.

वाळूवर मी तर म्हणेन रोखच द्या. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा, मोठी नोट काढू नका.

रेस्टॉरंटमधला त्रास वेगळ्या जातीचा. तिथे चोरी नसते, बिल फुगते. समुद्रासमोरच्या आवेनिदा आतलांतिकावरच्या एका ठिकाणी आम्ही बसताच पाव, लोणी, ऑलिव्ह असे न मागवता टेबलावर आले. याला कुवेर म्हणतात आणि त्याचे माणशी पैसे लागतात. नको असेल तर हात लावायच्या आधी परत न्यायला सांगायचे. गाणे-बजावणे चालू असेल तर त्याचा आकार वेगळा. शेवटी सेवेचे १० टक्के जोडलेले असतात, ते ऐच्छिक आहेत. सेवा चांगली असेल तर जरूर द्या, पण मग वर वेगळी टिप द्यायची गरज नाही. आमच्या बिलात न मागवलेली पाण्याची बाटलीही होती. दाखवल्यावर निमूटपणे काढली.

ब्राझीलचा ग्राहक संरक्षण कायदा १९९० चा आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूचा आहे. न मागता पाठवलेली वस्तू त्यात फुकट नमुना धरली जाते. एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्याच, असे बंधन घालता येत नाही. २०१० पासून प्रत्येक दुकानात आणि खाणावळीत या कायद्याची प्रत ठेवणे बंधनकारक आहे. वाद झाला तर शांतपणे ती प्रत मागा आणि प्रोकोनचे नाव घ्या. प्रोकोन म्हणजे तिथली ग्राहक तक्रार यंत्रणा. पाहुण्याला हे नाव ठाऊक आहे एवढे कळले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आता कुठे जेवायचे. समुद्राकडे पाठ करा आणि आत चालू लागा. पहिला मोठा रस्ता नोसा सेन्योरा दि कोपाकबाना, त्याच्या पुढचा बाराता रिबेइरो. स्थानिक लोक दुपारी इथेच जेवतात. ‘आ किलो’ पाटी असलेली ठिकाणे शोधा. मांडलेल्या पदार्थांतून हवे ते ताटात घ्यायचे, ताट काट्यावर ठेवायचे, वजनाची चिठ्ठी घ्यायची, जेवून झाल्यावर काउंटरवर पैसे भरायचे. किलोचा भाव दारातच लिहिलेला असतो, त्यामुळे फसवायला जागाच राहत नाही. भात, काळा घेवडा, परतलेली कोवीची हिरवी पाने, भोपळा, तळलेली केळी आणि भरपूर कच्च्या भाज्या असतात. शाकाहारी असाल तर घेवड्याबद्दल मात्र विचारा, त्यात डुकराचे मांस बरेचदा शिजवलेले असते. फारोफा, म्हणजे कसाव्याचे भाजलेले पीठ, तेही अनेकदा मांसाच्या तुकड्यांसकट करतात.

कोपऱ्याकोपऱ्यावर रसाची दुकाने असतात. भिंतीवर भावाचा फलक, उभ्यानेच प्यायचे. असाई, अननस-पुदिना, पॅशन फ्रूट, सोबत गरम चीजपाव. न्याहारी आम्ही तिथेच केली आणि एकदाही भावात फरक पडला नाही. जुन्या शहरात गेलात तर १८९४ पासून चालू असलेले कोन्फेइतारिया कोलोंबो हे मिठाई आणि कॉफीचे दुकान बघा. बेल्जियममधून आणलेले प्रचंड आरसे आणि काचेचे छत बघायला तरी जाच. महाग आहे, पण भाव छापलेला आहे आणि तेवढाच घेतात. मांस खाणाऱ्यांनी रोदीझियोत, म्हणजे भाजलेले मांस टेबलाटेबलावर फिरवून हवे तेवढे वाढतात अशा ठिकाणी, जावे. तिथे माणशी ठरावीक रक्कम असते, फक्त पेये आणि गोड यांचे वेगळे पैसे लागतात हे आधी विचारून घ्या.

आमच्या पैशांचे पुढे काय झाले तेही सांगते. कार्ड त्याच रात्री ॲपमधून बंद केले आणि बँकेला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी लेब्लाँमधल्या पर्यटकांसाठीच्या पोलीस ठाण्यात गेलो. त्याला देआत म्हणतात, तिथे इंग्रजी समजणारे लोक भेटले. त्यांनी तक्रार नोंदवून छापील प्रत दिली. बँकेचे पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे आले: पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. आम्ही पोलिसांची प्रत, नाकारलेल्या दुसऱ्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि दोन व्यवहारांमधली काही मिनिटे दाखवून पुन्हा लिहिले, ठरलेली रक्कम आणि कापलेली रक्कम वेगळी आहे एवढाच मुद्दा धरला. प्रकरण कार्ड कंपनीकडे वादात गेले आणि बऱ्याच आठवड्यांनी रक्कम परत जमा झाली. पोलिसांची ती प्रत नसती तर बँकेने दुसऱ्यांदा फाइल उघडली नसती, असे तिथल्याच अधिकाऱ्याने फोनवर सांगितले. म्हणून सुट्टीतली एक सकाळ गेली तरी चालेल, पण लेब्लाँला जाऊन तो कागद घेतल्याशिवाय विमानात बसू नका.