आठ महिने झाले, रोमन संपतात पण गोळ्या संपत नाहीत

मागच्या आठवड्यात माझ्या लढायांच्या कॉम्प्युटर गेमचं अपडेट आलं आणि आठ महिन्यांच्या सगळ्या सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेले डाव, साफ झाल्या. कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, गेम काढून पुन्हा टाका. काढला, टाकला, सेव्ह नाहीतच. पैसे परत मागितले तर म्हणे तुम्ही दोन तासांच्या वर खेळला आहात, परतावा मिळणार नाही. आठव्या महिन्यात बिघडलेली वस्तू पहिल्या दोन तासांत कशी परत करायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही. नाव लिहीत नाही. सेलमध्ये ३४९ ला ज्यांनी घेतलाय त्यांना कळेलच.

पण माझी खरी तक्रार सेव्हची नाही, गोळ्यांची आहे.

गेम काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. डावीकडे कुठल्याही शतकातलं सैन्य ठेवा, उजवीकडे कुठल्याही, आणि बटण दाबा. ग्राफिक्स छान. लॅपटॉपचा पंखा शेंगदाण्याचं कूट करणाऱ्या मिक्सरसारखा ओरडतो, त्याची सवय होते. पहिला महिना मी वेडाच झालो होतो. कॅनीची लढाई लावायची, इ.स.पू. २१६, इटलीत कार्थेजच्या हॅनिबलने रोमनांना बुडवलं ती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे रोमनांचं ८०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ. समोर हॅनिबल काढून आजच्या अमेरिकन पायदळाची १२० जणांची एक कंपनी ठेवायची. नऊ मिनिटांत मैदान साफ. घरी येईल त्याला दाखवायचो.

दिवाळीत साताऱ्याहून सासरे आले. ते लष्करात एएससीत होते, म्हणजे रसद पोचवणारं खातं. बशीत चहा ओतून अख्खी लढाई त्यांनी शांतपणे पाहिली. मग म्हणाले, "जावईबापू, यांचं लंगर कुठाय?"

"कसलं लंगर?"

"पोरं लढतायत न्हवं? जेवणार कुठं? आणि फर्स्ट लाइनची ॲम्युनिशन संपली की पुढची कोण आणणार? मागं गाडी दिसंना एकबी."

मी म्हटलं, गेममध्ये गोळ्या संपत नाहीत. ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. चालू द्या तुमचं."

त्या 'असू द्या'नंतर मला हा गेम पूर्वीसारखा खेळताच आलेला नाही. रात्री वही घेऊन बसलो. अमेरिकन शिपायाकडे साधारण ३० गोळ्यांची ७ मॅगझिन असतात, म्हणजे माणशी २१०. गुणिले १२०, झाल्या २५,२००. समोर ८६,०००. एका गोळीमागे जवळजवळ साडेतीन रोमन! तेही एकही गोळी वाया गेली नाही तर, आणि खऱ्या लढाईत बहुतेक गोळ्या वायाच जातात. एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं धरलं तर सगळा माल तीनशे किलो. म्हणजे छोटा हत्ती टेम्पोत एका खेपेत आणखी दुप्पट माल आला असता. कॅनीला हॅनिबलकडे एकही हत्ती नव्हता, पण आपलं काम या एका हत्तीने थोडं तरी पुढे गेलं असतं. गेममध्ये टेम्पो नाही. रथ अकरा प्रकारचे आहेत.

रणगाड्याचं तर बोलूच नका. अब्राम्सच्या टाकीत सुमारे १,९०० लिटर बसतं आणि तेवढ्यात तो चालतो सव्वाचारशे किलोमीटर. किलोमीटरला साडेचार लिटर! माझ्या स्कूटरचं ॲव्हरेज पंचेचाळीसवर आलं तरी मी मेकॅनिककडे जातो. शिवाय टर्बाइन इंजिन, जागेवर उभं असलं तरी पीतच राहतं. गेममध्ये मी तो कॅनीहून रोमपर्यंत नेला आणि परत आणला, काटा हलला नाही. कोपऱ्यात जीपीएसचा निळा ठिपकाही चालू. उपग्रह कुणाचे, कार्थेजचे?

हा हिशेब मार्चपर्यंत वहीत होता. मग एक शोध लागला, म्हणून थोडं मत बदलतो. सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत 'मर्यादित दारूगोळा' अशी खूण आहे. (गेम बंद करून उघडला की ती आपोआप निघते. दर वेळी पुन्हा लावा.) ती लावून कॅनी खेळलो. चौथ्या मिनिटाला गोळीबार थांबला. १२० जण रायफली हातात धरून नुसते उभे, आणि पाचव्या मिनिटाला दिसेनासे झाले. मला इतका आनंद झाला की लगेच साताऱ्याला फोन केला. "गोळ्या संपल्या!"

"बरं. पळाले किती?"

"आपले?"

"न्हाय वो, रोमन."

एकही नाही. "मग तेबी खरं न्हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचं बरोबर होतं. जुन्या लढायांत खरी कत्तल व्हायची ती एका बाजूने पाठ फिरवल्यावर. कॅनीला रोमन चारही बाजूंनी कोंडले गेले, पळायला वाटच नव्हती, म्हणून ते जागेवर मेले. इथे तर मागे सगळं मोकळं रान. चारशे पावलांवरून काहीतरी कडाडतंय आणि पुढची अख्खी रांग आडवी होतेय, हे पाहून मागचे लोक ढाली सावरत पुढे येतील? मला वाटत नाही. पण खात्रीने तरी कसं सांगू? २२ जानेवारी १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत रोर्कस ड्रिफ्टला सुमारे दीडशे इंग्रजांवर तिथले झुलू योद्धे रात्रभर पुन्हा पुन्हा चालून आले. साठ्यात २०,००० गोळ्या होत्या, पहाटे ९०० उरल्या. त्याच दिवशी जवळच इसंडलवानाला, हातात त्याच मार्टिनी-हेन्री रायफली असताना, इंग्रजांकडचे तेराशेहून जास्त लोक कापले गेले. आणि १८९८ ला सुदानमध्ये ओम्डुरमानला इंग्रज सेनापती किचनरचे ४८ मेले, समोरचे दहा हजारांवर. पण तिथे पोचण्याआधी त्याने वाळवंटात रेल्वे टाकली होती. आधी रूळ, मग मॅक्सिम मशीनगन. पानिपत ऐकत मोठं झालेल्या माणसाला रसद हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, या गेमवाल्यांना सांगावा लागेल.

थोडक्यात, ३४९ ला मिळाला तर घ्या. ९९९ ला घेऊ नका. तीन स्टार. चौथा लंगरासाठी राखून ठेवलाय.

गेल्या महिन्यात सासरे आंबे घेऊन आले होते. म्हटलं, या वेळी तुम्ही खेळा. त्यांनी नकाशा बराच वेळ मागेपुढे केला. ते घर कसलं, विचारलं. मी म्हटलं, कॅनीचं धान्याचं कोठार. रोमनांनी तिथे साठवलेला माल हॅनिबलने आधीच ताब्यात घेतला होता, त्यामुळेच त्यांना लढाईला यावं लागलं. हे ऐकून ते खूश झाले. सगळे १२० जण त्यांनी कोठाराभोवती लावले, गोळीबार बंद ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले.

"आता बसा म्हणावं. चार दिसांत गहू मागाय येतील."

चाळीस सेकंदांत ८६,००० रोमन धावत आले आणि कोठाराकडे न बघता सगळ्यांना कापून पलीकडे निघून गेले. सासऱ्यांनी माउस बाजूला ठेवला.

"यांना भूकच न्हाय वो," म्हणाले, आणि आंबा पिळायला घेतला.

तीही सेव्ह गेली.