केसची तयारी: एकट्याने, जोडीदाराबरोबर की कोचकडे?

मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याबाबत सल्ला देण्याच्या, इंटर्नशिपसाठी शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं, की आनंद ओसरायच्या आत प्रश्न पडतो: हातातल्या दिवसांत नेमकं करायचं काय? मार्ग तीन आहेत. एकट्याने बसून केस (मुलाखतीत सोडवायला देतात ते धंद्यातले प्रश्न) सोडवायच्या, जोडीदाराबरोबर मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती, करायचे किंवा पैसे भरून एखाद्या माजी कन्सल्टंटकडे, म्हणजे कोचकडे, शिकायचं. मी तिन्ही केलं, आणि पुढे बऱ्याच ज्युनिअर्सचे मॉकही घेतले. माझं मत आधीच सांगते: सर्वांत जास्त तास जोडीदाराला द्या. मात्र गणित आणि स्वतःचे अनुभव या दोन गोष्टी एकट्यानेच घोटाव्या लागतात.

एकट्याने तयारी करण्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ आपल्या हातात असते आणि खर्च नसतो. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या तिन्ही मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सरावाच्या केस मोफत आहेत. सुरुवात तिथूनच करावी. मुलाखतीत सहसा कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे टक्केवारी, सरासरी, मोठ्या आकड्यांचे भागाकार रोज वीस मिनिटं कागदावर करायला हवेत. त्यासाठी कुणाची सोबत लागत नाही.

अडचण पुढे येते. छापील केसमध्ये उत्तर पुढच्याच पानावर असतं. ते वाचताना ‘हेच तर माझ्या मनात होतं’ असं वाटत राहतं, आणि मनातलं तोंडातून नीट बाहेर येतं की नाही हे कधीच तपासलं जात नाही. माझ्या पहिल्या मॉकमध्ये मी दोन मिनिटं नुसती लिहीत होते. समोरच्या मैत्रिणीने शेवटी विचारलं, “तू काय विचार करते आहेस ते मला कसं कळणार?” त्याआधी मी तीसेक केस वाचल्या होत्या.

एकट्याने वाचणाऱ्यांना आणखी एक सवय लागते, फ्रेमवर्क, म्हणजे विचार करण्याचे तयार साचे, पाठ करण्याची. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेली पाच बलांची मांडणी (स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी वस्तू, ग्राहक, पुरवठादार) एखादा उद्योग समजून घ्यायला उत्तम आहे. पण ‘आमच्या एका कारखान्याचा नफा दोन वर्षांत का घसरला?’ या प्रश्नावर तीच चिकटवली, तर पाठांतर लगेच उघडं पडतं. तिथे नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च इथून सुरुवात करून त्या कारखान्यापर्यंत पोहोचावं लागतं.

जोडीदार नेमकं काय देतो, ते एका उदाहरणावरून सांगते. समजा केसमध्ये विचारलं, की वस्तूची किंमत 10 टक्क्यांनी वाढवली तर विक्री 8 टक्क्यांनी घटेल, मग वाढवावी का? बहुतेक जण 1.10 गुणिले 0.92 करतात, 1.012 येतं, आणि ‘उत्पन्न जेमतेम 1.2 टक्के वाढतंय, फारसा फायदा नाही’ असं सांगून थांबतात. चांगला जोडीदार इथे विचारतो, “बरं, मग खर्चाचं काय?” किंमत 100 आणि बदलता खर्च (प्रत्येक नगामागे होणारा) 60 धरला, तर आधी प्रत्येक नगामागे 40 सुटत होते, आता 50 सुटतील. विक्री 92 टक्के, म्हणजे पूर्वीच्या 40 च्या जागी 46. पंधरा टक्क्यांची वाढ! आकडा बरोबर आला तरी निष्कर्ष चुकू शकतो, हे अशा एका टोकण्याने कायमचं लक्षात राहतं.

शिवाय जोडीदाराची केस आपण घेतो, तेव्हा उत्तर आपल्या हातात असतं. समोरचा पाच मुद्दे एका दमात ओततो तेव्हा ऐकणाऱ्याची काय दमछाक होते, हे त्या खुर्चीत बसल्यावरच कळतं. केस अर्ध्या तासाची असेल तर नंतरच्या चर्चेला वीस मिनिटं तरी ठेवा. आणि दोन आठवड्यांनी जोडीदार बदला. ओळखीच्या माणसाला आपलं अर्धवट वाक्यही समजायला लागतं, मुलाखतीत ते चालणार नाही.

कंपनी कोणती, यावरही मार्ग थोडा बदलतो. मॅकिन्झीमध्ये बहुधा मुलाखत घेणारा एकेक प्रश्न पुढे ठेवत जातो, त्यामुळे सुटे प्रश्न एकट्याने घोटून बराच उपयोग होतो. बीसीजी आणि बेनमध्ये केस पुढे नेण्याची जबाबदारी जास्त करून उमेदवारावर असते. कुठली माहिती मागायची, कुठली वाट सोडायची हे आपण ठरवायचं. हा सराव समोर माणूस असल्याशिवाय होत नाही.

कोचबद्दल थोडक्यात. त्याची नजर अनुभवी असते, जोडीदाराला न दिसलेली चूक तो पहिल्या पाच मिनिटांत पकडतो. पण अगदी सुरुवातीला त्याच्याकडे जाणं म्हणजे मित्रानेही सांगितल्या असत्या अशा चुकांसाठी पैसे देणं. दहा-बारा मॉक झाल्यावर प्रगती अडली असेल, तर एक-दोन सत्रं घ्यावीत. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नयेत.

आता स्वतःच्या अनुभवांविषयी, कारण तिथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. ‘मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत?’ यावर ‘आम्ही टीम म्हणून ठरवलं’ हे उत्तर पुरत नाही. ‘मी’ काय बोलले, कुणाशी, त्यावर तो काय म्हणाला, हे विचारलं जातं. चार प्रसंग निवडा, एकट्याने बसून लिहून काढा, मग मोठ्याने सांगा.

सहा आठवडे असतील तर पहिला आठवडा एकट्याने, पुढचे चार जोडीदाराबरोबर आठवड्याला तीन-चार मॉक, आणि शेवटचा आठवडा हलका ठेवा. दहाच दिवस असतील तर वाचन दोन दिवसांत आटपा आणि तिसऱ्या दिवशी कुणाला तरी समोर बसवा. त्या व्यक्तीला कन्सल्टिंगमधलं काही कळत नसलं तरी हरकत नाही. तिला एवढंच सांगा, की जिथे समजणार नाही तिथे मला थांबव.