लॅमी सफारी: 62 पत्रं लिहून झाल्यावर

हे शाईपेन मी घेतलं ते एकाच कामासाठी. अकरा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून शेवटच्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे दिले. अलीकडे तर ते संगणकावरच्या यादीतून नुसते निवडायचे असत: ‘समाधानकारक’, ‘अधिक मेहनत हवी’. या वर्षी शाळा सोडताना ठरवलं, माझ्याबरोबर बाहेर पडणाऱ्या या 61 मुलांना एकेक पत्र हाताने लिहायचं.

सुरुवात बॉलपेनने केली. नवव्या पत्राला अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. बॉलपेन दाबून चालवावं लागतं. शाईपेनात शाई निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपसूक खाली येते, निब कागदाला टेकली तरी पुरतं. उरलेली सगळी पत्रं सफारीने लिहिली, एफ म्हणजे बारीक निबेने. एका बैठकीत सात पत्रं झाली तरी हात दुखला नाही.

लॅमी ही हायडेलबर्गची जर्मन कंपनी, 1930 सालची. सफारी 1980 मध्ये बाजारात आलं ते शाळकरी मुलांसाठी. हे मला पेन घेतल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं. अंग एबीएस प्लॅस्टिकचं, हलकं आणि दणकट. बोटं धरायची जागा त्रिकोणी घडवलेली, त्यामुळे पेन हातात घेताच निबेची बाजू आपोआप बरोबर बसते. ज्यांची पकड निराळी आहे त्यांनी मात्र घेण्याआधी दोन ओळी लिहून पाहाव्यात. निब ओढून काढता येते आणि दुसरी बसवता येते. डावखुऱ्यांसाठीही वेगळी निब मिळते. कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार नळी, लॅमीचीच लागते. दौतीतली शाई भरायची असेल तर कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी नळी, बहुधा वेगळा घ्यावा लागतो, तो जरूर घ्या.

पेनाच्या अंगाला एक लांबट खिडकी आहे. आत शाई किती उरली ते तिच्यातून दिसतं. सहा-सात पत्रं झाली की ती रिकामी दिसायची. मग उठायचं, दौत उघडायची, पेन भरायचं, निब पुसायची. तेवढ्या वेळात पुढचं नाव डोक्यात घोळायचं. रोज कानावर पडणारी नावं, बक्षिसवाली आणि तक्रारीवाली, त्यांची पत्रं भराभर झाली. अडले ते मधल्या मुलांपाशी. 14 मुलं अशी निघाली की जी माझ्या खोलीत एकदाही आली नव्हती. ना शाबासकीसाठी, ना बोलणी खायला. त्यांच्या नावापुढे पेन उघडं ठेवून मी बसून राहायचे आणि निब वाळायची. मग टोपण लावून उठले आणि शाळेत हिंडून आले.

एक मुलगा प्रत्येक कार्यक्रमात पडद्यामागे असतो, एवढंच मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात पाहिलं तर कार्यक्रम संपल्यावर तो माइकची वायर इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळत होता. का, असं विचारलं. म्हणाला, “मॅडम, गोल गुंडाळली की पीळ पडतो, पुढच्या वेळी उलगडताना अडकते.” पुढच्या वेळी तो इथे नसणार होता. एका मुलीने प्रयोगशाळेतल्या बाटल्यांच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात नव्याने लिहून काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणाला कळलंही नव्हतं. ही दोन पत्रं लिहिताना पेन कुठेच थांबलं नाही.

कागदाबद्दल थोडं. जाड कागद घेतला की झालं, असा माझा समज होता. 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) घेतला, त्यावर शाई फुटली आणि अक्षरांना केस आले. मग 80 जीएसएमचा, पण शाई शोषली जाऊ नये म्हणून चांगली खळ दिलेला कागद मिळाला, त्यावर रेघ स्वच्छ उमटली. म्हणजे जाडीपेक्षा खळ बघायची.

शाई मी आधी धुता येणारी निळी वापरली. वहीत चुका करत शिकणाऱ्यांना ती उत्तम. पण एका संध्याकाळी माझ्याच धक्क्याने पाण्याचा पेला लवंडला आणि तीन पत्रं कोरी होत गेली. तेव्हापासून रंगद्रव्याची काळी शाई. वाळली की पाण्याने जात नाही. पण तिचे बारीक कण निबेत सुकून बसतात, म्हणून दर आठवड्याला पेन साध्या पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं लागतं. तेवढे कष्ट मला मान्य आहेत.

ती तीन पत्रं पुन्हा लिहिली. त्यांतलं एक विद्यार्थी प्रतिनिधीचं होतं. पहिल्या पत्रात त्याच्या भाषणांचं कौतुक होतं. दुसऱ्यांदा बसले आणि आठवलं की मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद ठेवायचा माझा नियम चुकीचा आहे, हे त्याने मला बैठकीत सर्वांसमोर सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी तो वहीचं पान घेऊन आला. रोज किती मुलं बंद दारापाशी येऊन परत जातात, ते त्याने मोजून लिहिलं होतं. ग्रंथालय उघडलं. पण त्याचं बरोबर होतं, असं मी त्याला तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. ते या पत्रात लिहिलं.

मुलं 61 आणि पत्रं 62, कारण एक मुलगी वर्ष अर्धवट टाकून गेली. तिचा पत्ता रजिस्टरात होता. तिचं पत्र सगळ्यांत शेवटी लिहिलं. मध्येच खिडकी रिकामी झाली, पेन भरलं आणि पुढे लिहीत राहिले. अडीच पानं झालं.