०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४०? गाडीसाठी सिंथेटिक ऑइलची ग्रेड ठरवताना

इंजिन ऑइलचे दोन डबे शेजारी ठेवा. दोन्हींवर ठळक अक्षरांत ५डब्ल्यू-३०, दोन्हींवर ‘फुल्ली सिंथेटिक’. आता डबे फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. एकावर लिहिलंय एपीआय एसपी, आयएलसॅक जीएफ-६ए (अमेरिकी आणि अमेरिकी-जपानी ऑइल मानकं). दुसऱ्यावर एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं मानक) आणि फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ०० (त्या कंपनीची स्वतःची मान्यता). ग्रेड एकच, पण बेअरिंगच्या दृष्टीने ही दोन वेगळी ऑइलं आहेत. पहिलं इंधन वाचावं म्हणून त्या ग्रेडमध्ये बसेल तेवढं पातळ ठेवतात. दुसरं त्याच ग्रेडच्या वरच्या टोकाला असतं आणि तापलेल्या इंजिनात जास्त जाड थर धरून ठेवतं. ‘कोणती ग्रेड चांगली’ या प्रश्नाचं उत्तर नुसत्या ग्रेडच्या आकड्यात सापडत नाही ते यामुळेच.

आधी आकडे काय सांगतात ते पाहू. एसएई जे३०० या मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे: इतक्या खाली पारा गेला तरी इंजिन फिरू शकेल का, पंपाला ऑइल ओढता येईल का. नंतरचा आकडा गरम ऑइलचा. तो १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणावरून ठरतो, आणि त्याच्या जोडीला आणखी एक अट असते. १५० अंश तापमान आणि जोराच्या घासाखाली ऑइल किती घट्ट राहतं, तिला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांपाशी ऑइलची जी अवस्था होते, तिच्या सगळ्यात जवळ जाणारी चाचणी हीच. एकच आकडा पाहायला वेळ असेल तर मी हाच पाहीन.

| ग्रेड | थंडीतली क्रँकिंग चाचणी | १०० अंशांना घट्टपणा (सेंटिस्टोक) | किमान एचटीएचएस (मिलिपास्कल-सेकंद) |
|---|---|---|---|
| ०डब्ल्यू-२० | उणे ३५ अंश | ६.९ ते ९.३ | २.६ |
| ५डब्ल्यू-३० | उणे ३० अंश | ९.३ ते १२.५ | २.९ |
| ०डब्ल्यू-४० | उणे ३५ अंश | १२.५ ते १६.३ | ३.५ |
| ५डब्ल्यू-४० | उणे ३० अंश | १२.५ ते १६.३ | ३.५ |
| १५डब्ल्यू-४० | उणे २० अंश | १२.५ ते १६.३ | ३.७ |

यात ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ५डब्ल्यू-३० साठी किमान २.९, पण एसीईए सी३ ची अट किमान ३.५. म्हणजे सी३ मधलं ५डब्ल्यू-३० एचटीएचएसच्या बाबतीत ५डब्ल्यू-४० च्या रांगेत जाऊन बसतं. सुरुवातीच्या दोन डब्यांमधला फरक तो हाच.

०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०

मॅन्युअलमध्ये फक्त ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच घाला, आणि बिनधास्त घाला. ‘पातळ ऑइलने इंजिन लवकर जातं’ ही भीती सरसकट खरी नाही. ज्या इंजिनासाठी ही ग्रेड ठरवली जाते, त्याचा ऑइल पंप, बेअरिंगची रुंदी आणि व्हॉल्व्ह टायमिंगची हायड्रॉलिक यंत्रणा ते ऑइल धरूनच आखलेली असते. घट्ट ऑइल घातल्यावर प्रेशर जास्त दिसतं म्हणून लोक खूश होतात, पण प्रेशर वाढलं म्हणजे बेअरिंगपर्यंत जास्त ऑइल पोचलं असं होत नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा ऑइल परत फिरतं.

तरीही २० ग्रेडचा मुख्य हेतू इंधन वाचवणं हाच आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. टोयोटाच्या कित्येक मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ची शिफारस करून पुढे असंही लिहिलेलं असतं की गाडी सतत मोठ्या वेगात किंवा फार लोड घेऊन चालवायची असेल तर जास्त घट्ट ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. मॅन्युअल दोन्ही ग्रेडना परवानगी देत असेल तर माझा कौल असा: हायब्रिड, किंवा टर्बो नसलेली पेट्रोल गाडी जी रोज शांतपणे चालते, तिला ०डब्ल्यू-२०. हायब्रिडचं इंजिन वारंवार बंद-चालू होतं आणि बरंचसं कोमटच राहतं, त्याला हे ऑइल छान मानवतं. टर्बो, ट्रेलर ओढणं, भरलेली गाडी, लांब चढण, तासन्‌तास वेगात पळणं यांपैकी काहीही नेहमीचं असेल तर ५डब्ल्यू-३०.

उलट दिशेने मात्र जाऊ नका. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० सांगत असताना मायलेजच्या आशेने ०डब्ल्यू-२० घालणं हा वाईट सौदा आहे. एक ग्रेड वर गेल्याने थोडं मायलेज जाईल, खाली गेल्याने ऑइलचा थर जातो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं एक दुखणं इथेच सांगतो. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक काढा: पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली आहे, आणि नाकाशी धरली तर पेट्रोलचा स्पष्ट वास येतो. अशा गाडीत ३० ग्रेडचं ऑइल बघता बघता २० च्या जवळ येतं, आणि २० चं त्याच्याही खाली. ग्रेड बदलायच्या आधी ऑइल बदलण्याचं अंतर कमी करा. तो उपाय जास्त खात्रीचा आहे. या इंजिनांसाठी ग्रेड कुठलीही असो, डब्यावर एपीआय एसपी किंवा त्यानंतरची पातळी हवीच. २०२० मध्ये आलेल्या एसपीमध्ये, कमी आरपीएमला जोर देताना ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याच्या प्रकाराविरुद्ध चाचणी आहे. हा प्रकार पिस्टन फोडू शकतो, आणि त्यात ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा हात असतो.

५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४०

इथे तुलना ग्रेडपेक्षा राखेची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच विसरतात. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर ऑइलमधल्या धातुयुक्त अॅडिटिव्हची राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते. फिल्टर तापवून काजळी जाळतात (रिजनरेशन), तेव्हा ती जळून जाते, राख जळत नाही. एसीईए सी३ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. एसीईएच्याच ए३/बी४ या वर्गात ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. बाजारातली बरीच ५डब्ल्यू-४० ऑइलं ए३/बी४ असतात. अतिशय उत्तम ऑइलं आहेत, पण डीपीएफच्या गाडीसाठी नाहीत. सी३ मधलं ५डब्ल्यू-४० ही मिळतं, तेव्हा ४० च हवं असेल तर ते शोधा.

डीपीएफ नसलेली, जास्त रनिंग झालेली गाडी आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल खाणारं इंजिन, ही ५डब्ल्यू-४० ची खरी जागा. मॅन्युअलच्या तक्त्यात ४० ग्रेड असेल तर हा बदल जरूर करून बघा. सोबत डेटाशीटवर नोअ‍ॅक हा आकडा पाहा: २५० अंशांना एका तासात ऑइलचा किती भाग उडून जातो, ते तो सांगतो. आयएलसॅकची मर्यादा १५ टक्के आहे. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला १० च्या आतबाहेरचं ऑइल बरं. मात्र गरम इंजिनात आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर घट्ट ऑइल घालून तो विझवू नका. आधी मेकॅनिककडून गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

शून्य, पाच, दहा, पंधरा

‘०डब्ल्यू म्हणजे पाण्यासारखं ऑइल’ हा समज काढून टाका. ०डब्ल्यू-४० गरम इंजिनात ५डब्ल्यू-३० पेक्षा घट्ट असतं. आणि ०डब्ल्यू-२० सुद्धा ४० अंशांना साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोकचं असतं, म्हणजे तापल्यावर जेवढं असायला हवं त्याच्या पाचपट घट्ट. थंड इंजिनाला कुठलंच ऑइल जास्त पातळ पडत नाही.

जिथे पारा शून्याखाली जातच नाही, तिथे ० आणि ५ मधला फरक किरकोळ आहे. ०डब्ल्यू-४० सारख्या रुंद ग्रेडमध्ये उत्तम बेस ऑइल (अॅडिटिव्ह घालण्याआधीचं मूळ तेल) लागतं ही जमेची बाजू. पण एवढा पल्ला गाठायला पॉलिमरही जास्त घालावं लागतं, आणि ते वापरात कातरलं जाऊन ऑइल हळूहळू पातळ होतं. कडाक्याच्या थंडीत ०डब्ल्यू-४० निःसंशय, इतरत्र ५डब्ल्यू-४० पुरतं. १०डब्ल्यू आणि १५डब्ल्यू ची ऑइलं बहुतेक सेमी-सिंथेटिक किंवा मिनरल असतात. जुन्या, साध्या इंजिनांसाठी ती ठीक. सिंथेटिकवर पैसे घालायचेच ठरवलं असेल तर इथे थांबण्यात अर्थ नाही.

डब्याचा मागचा भाग

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवर फार भर देऊ नका. बऱ्याच देशांत खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप ३ बेस ऑइलही सिंथेटिक म्हणून विकता येतं. जर्मनीत हा शब्द पीएओ आणि एस्टर या रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या बेस ऑइलवर बनलेल्या ऑइलपुरता राखलेला आहे. चांगलं ग्रुप ३ ऑइल बहुतेक गाड्यांना पुरून उरतं. त्यापेक्षा गाडीच्या कंपनीची मान्यता बघा, आणि ती कशी लिहिली आहे तेही बघा. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कंपनीने ते ऑइल तपासून यादीत घेतलंय. ‘अमुक गरजा पूर्ण करतं’ किंवा ‘अमुकसाठी योग्य’ हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. वॉरंटीतली गाडी असेल तर पहिल्या प्रकारचंच घ्या, आणि बिलावर ग्रेडसोबत मान्यतेचा क्रमांकही लिहून मागा.

वाटेत ऑइल कमी पडलं आणि नेमकी ग्रेड मिळत नसेल, तर जवळची दुसरी ग्रेड घालून पातळी भरून घ्या. एपीआयची चांगली ऑइलं एकमेकांत मिसळतात, आणि कोरडं पडलेलं इंजिन हा त्याहून फार मोठा धोका आहे. पुढच्या सर्व्हिसला सगळं ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.