गालाच्या गाठींसाठी तयार एन्झाइम किट: टी पेशींना चांगलं, फायब्रोब्लास्टना कंजूष

ट्यूमर विरघळवून सुट्या पेशी काढायची तयार किट आता बहुतेक लॅबच्या फ्रीजरमध्ये दिसतात. बाजारात दोन-तीन प्रकार आहेत, वागणूक जवळपास सारखीच, त्यामुळे इथे कुणा एका कंपनीचा उल्लेख नाही.

मुंबईत डोकं-मानेच्या कॅन्सरचे नमुने म्हणजे मुख्यतः गालाच्या आणि हिरडीच्या गाठी, तंबाखू-सुपारीच्या. माहितीपत्रकातला ‘कठीण ट्यूमर’चा एक तासाचा प्रोटोकॉल त्यांना अनेकदा पुरत नाही. सुपारीने सबम्यूकस फायब्रोसिस झालेल्या (आतून कडक, तंतुमय बनलेल्या) गालातलं कोलॅजेन, म्हणजे ऊतीला बांधणारं तंतुमय प्रथिन, इतकं घट्ट असतं, की तासाभरानंतरही जाळीवर पांढरे, दोऱ्यासारखे तुकडे उरतात. ते फेकले की फायब्रोब्लास्टही (हे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी) कचऱ्यात गेले. मग फ्लो सायटोमेट्रीत (पेशी रंगवून एकेक मोजण्याच्या तंत्रात) टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, भरपूर दिसतात आणि गाठ ‘गरम’, म्हणजे टी पेशींनी भरलेली, असल्याचा गैरसमज होतो.

उपाय सोपा आहे, फक्त माहितीपत्रकात नाही. अर्धा ग्रॅम गाठ घ्यावी, मधला सडलेला भाग सोडून. दोन ब्लेडनी 1–2 मिलिमीटरचे तुकडे करावेत. कात्रीने चेचलं की पेशी मरतात. 5 मिलिलीटर एन्झाइममध्ये 37 अंशांवर 30 मिनिटं हलवत ठेवावं, 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळावं. गाळलेल्या पेशींत एन्झाइम थांबवायला लगेच सीरम घालून त्या बर्फावर ठेवाव्यात आणि वर उरलेल्या तुकड्यांना ताजं एन्झाइम घालून आणखी 30 मिनिटं द्यावीत. दोन्ही खेपा शेवटी एकत्र. वेळ वाढवून सलग दीड तास ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण आधी सुटलेल्या पेशी एन्झाइममध्ये उगाच भिजत राहत नाहीत.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती पेलेटची, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवलेल्या पेशींची: पिपेटच्या टोकाला शेंबडासारखी तार येते आणि पेशी तिच्यातच अडकतात. ती मेलेल्या पेशींच्या डीएनएची तार. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) कमी पडलं किंवा बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) गेलं, असं समजावं. डीएनेजला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेजला कॅल्शियम. ईडीटीए हे दोन्ही धातू पकडून ठेवतं. ते घालायचंच तर एन्झाइमचं काम संपल्यावर, रंगवण्याच्या बफरमध्ये. आणि डीएनेज कधीही व्हॉर्टेक्स करू नये (यंत्रावर जोरात घुसळू नये), हलक्या हाताने उलटंपालटं करावं.

दुसरी अडचण उशिरा लक्षात येते. काही एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनंही कुरतडतात. सीडी4 (टी पेशींच्या एका गटाची खूण असलेलं प्रथिन) फिकट दिसलं तर दोष गाठीचाच असतो असं नाही, किटचाही असू शकतो. त्याच रुग्णाच्या रक्तातल्या पेशी अर्ध्या एन्झाइममध्ये, अर्ध्या नुसत्या माध्यमात, तेवढाच वेळ ठेवून रंगवाव्यात. फरक आला तर तो मार्कर (पेशी ओळखायची खूण) मोजणीत धरू नये.

मुंबईचा स्वतःचा त्रास वेगळा. परळच्या रुग्णालयातून खारघरच्या संशोधन केंद्रात नमुना न्यायचा तर बर्फाचा डबा आणि थंड आरपीएमआय (पेशी जिवंत ठेवणारं द्रव माध्यम) हवंच. पावसाळ्यात कोरड्या पावडरची व्हायल (छोटी बाटली) फ्रीजरमधून काढून लगेच उघडली की हवेतला ओलावा आत बसतो आणि एन्झाइमची ताकद उतरते. बंद व्हायल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, विरघळवल्यावर एकेका प्रयोगापुरते भाग करून गोठवावेत. आयात माल शुक्रवारी उतरणार नाही असा ऑर्डरचा दिवस धरावा; शनिवार-रविवार गोदामात पडलेल्या पेटीतला बर्फ सोमवारपर्यंत टिकत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर टाइप 4 कोलॅजिनेज दर मिलिलीटरला 1 मिलिग्रॅम आणि डीएनेज 100 मायक्रोग्रॅम हे घरचं मिश्रणही काम भागवतं. किटचा फायदा एवढाच, की लॉट (उत्पादनाची खेप) बदलला तरी निकाल फारसा हलत नाही. घरच्या मिश्रणात प्रत्येक नव्या लॉटची वेळ नव्याने ठरवावी लागते.

टाटा मेमोरियलने निवोलुमॅबचा (टी पेशींना कॅन्सरविरुद्ध मोकळं करणाऱ्या औषधाचा) 20 मिलिग्रॅमचा अल्प डोस दर 3 आठवड्यांनी वापरून पाहिल्यापासून गाठीतल्या टी पेशी मोजण्याला इथे वेगळंच महत्त्व आलं आहे. तेवढ्यासाठी किट घ्यावं, 5 पैकी 4 गुण. पण ‘या गाठीत कोण किती’ हे विचारायचं असेल तर 2च. त्यासाठी कापायच्या आधीच एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकावा आणि त्याच्या कापांवर सीडी8 (मारक टी पेशींची खूण) आणि अल्फा-एसएमए (गाठीतल्या फायब्रोब्लास्टची खूण) रंगवून किटच्या आकड्यांशी ताडून पाहावं.