एक्स्टर्नल फ्लॅश : वर्षभर वापर, मोडलेला पाय आणि सर्व्हिस सेंटरशी भांडण

गेल्या महिन्यात माझ्या फ्लॅशचा, म्हणजे कॅमेऱ्यावर वेगळा चढवायच्या फ्लॅशचा, पाय मोडला. पाय म्हणजे कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (डोक्यावरच्या धातूच्या खाचेत) सरकवतो तो खालचा भाग. सांगलीत विश्रामबागला चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं, पाळण्यापाशी बायकांची ही गर्दी, कॅमेरा माझ्या गळ्यात, कुणाचा तरी खांदा फ्लॅशच्या डोक्याला लागला आणि टक् करून फ्लॅश खाली फरशीवर. चालू तसाच होता, फक्त पाय निम्मा शूमध्ये अडकून राहिलेला.

मॉडेल लिहीत नाही, कारण पुढं सर्व्हिसबद्दल लिहायचंय. चार पेन्सिल सेलवर चालणारा, टीटीएलवाला (लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद आपोआप ठरवणारा), डोकं वर आणि दोन्ही बाजूला फिरणारा, खोक्यावर जीएन ६० (गाइड नंबर, फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) छापलेला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचा फ्लॅश. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा फ्लॅश घेतला असता तर त्या पैशात असे दोन आले असते, म्हणून हा घेतला. माझं काम घरगुती आहे, पाहुणे, म्हातारी माणसं, बारकी पोरं, शेजाऱ्यांचे पासपोर्टपेक्षा जरा बरे फोटो. धंदा नाही.

आता ते ६० बघून भुलू नका. तो आकडा फ्लॅशचा झोत अरुंद करून, म्हणजे २०० एमएम झूमला, आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) १०० ला मोजलेला असतो. जीएनला ॲपर्चरनं (लेन्सच्या भोकाचा एफ आकडा) भागलं की मीटरमध्ये अंतर मिळतं, म्हणजे एफ ४ ला १५ मीटर, पण घरात कुणी २०० एमएम झूमवर सरळ तोंडावर फ्लॅश मारत नाही. मारूही नये, कपाळ आणि नाक पांढरंफटक आणि मागं भिंतीवर काळी सावली. छतावर मारायचा. त्यात दोन-तीन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग आयएसओ ४०० करायचा (त्यानं जीएन दुप्पट धरायचा), एफ ४, शटर १/१२५, एवढ्यात साध्या स्लॅबच्या खोलीत निवांत जमतं. शटर १/२०० च्या फार वर नेलं आणि हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवायची सोय) चालू नसेल तर फोटोत काळा पट्टा येतो, ते बहुतेकांना माहीत असेलच.

हा छतावरून येणारा उजेड मला इतका आवडलाय की पैसे तिथंच वसूल झाले. आमच्या आजीचा फोटो सांगतो. नऊवारी, चष्मा, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या, आणि मोबाईलच्या फ्लॅशमध्ये आजवर चष्म्याच्या जागी दोन पांढरे ठिपकेच यायचे. यावेळी डोकं वर करून थोडं मागं वळवलं, आतलं पांढरं कार्ड बाहेर ओढलं, तर काचेवरची चमक गेली आणि डोळ्यात तेवढा एक बारीक उजेडाचा ठिपका आला. पण टीटीएलवर तिचे डोळे सारखे अर्धे मिटलेले येत होते, कारण टीटीएलमध्ये मोजमापासाठी आधी एक हलका फ्लॅश उडतो आणि ज्यांची पापणी पटकन लवते ते बरोबर त्यातच सापडतात. मॅन्युअलला, म्हणजे ताकद आपणच ठरवून, १/८ वर टाकलं की तो आधीचा फ्लॅशच नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी मी आता मॅन्युअलच ठेवतो.

भिंतीचा रंग मात्र बघावा लागतो हो. आमच्या गल्लीत २०१९ च्या पुरानंतर बऱ्याच घरांना पुसता येईल असा ऑइलपेंट लागला, त्यात पिस्ता रंग फार. तिथं बाजूच्या भिंतीवर फ्लॅश मारला तर माणसाचा गाल हिरवट येतो, आणि एकच गाल, त्यामुळं व्हाइट बॅलन्सनं (सगळ्या फोटोचा रंग एकदम सुधारायची सोय) पण तो निघत नाही. पत्र्याच्या घरात तर छताचा उपयोगच नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराचा फोटो काढायला गेलो तेव्हा वर काळपट लाकडी तुळया, भोपळ्यांची उतरंड, उजेड कुठून आणायचा कळेना. शेवटी त्यांच्या पोरानं पांढरी चादर बाजूला धरली, तिच्यावर फ्लॅश मारला. हात, त्यावरची पॉलिशची लाली आणि भोपळ्याचा गोलावा असा काय आलाय म्हणता.

आता भांडण. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, म्हणाले पाठवा. कुरिअरचे पैसे माझे. मग निरोप आला की फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक, ते मान्य. पण पुढं म्हणतात नुसता पाय मिळत नाही, खालची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, आणि एस्टिमेट निघालं फ्लॅशच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. मी म्हटलं, साहेब, पाय तेवढा द्या की, बसवून घेतो मी. नाही म्हणजे नाही. परत मागवला तर तपासणीचा चार्ज वेगळा. मोडला प्लास्टिकचा एवढासा तुकडा आणि पैसे मागताय सर्किटचे, हे कुठलं गणित?

मिरजेतच एका रिपेअरवाल्याकडं नेला. त्यानं आधी आतला कंडेन्सर रिकामा केला (सेल काढले तरी त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास उरलेलं असू शकतं, घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका), मग दुसऱ्या बंद पडलेल्या फ्लॅशचा पाय काढून बारीक वायरी एकेक करून जोडल्या. पैसे कुरिअरपेक्षा थोडेच जास्त. तोपर्यंत माझं मत पक्कं होतं की पुढचा फ्लॅश धातूच्या पायाचाच. त्यानं कॅमेऱ्याचा शू दाखवला, एक ओरखडा नाही. म्हणाला, ‘दादा, पाय गेला म्हणून शू राहिला, धातूचा असता तर सगळा जोर कॅमेऱ्यावर आला असता.’ हे पटलं मला. शू उखडला असता तर कॅमेराच उघडावा लागला असता. म्हणजे प्लास्टिकवरचा माझा राग गेला, पण कंपनीवरचा वाढला, कारण जो भाग आधी मोडावा असा असतो तो सुटा विकायला नको का?

बाकी भरभर. चार्जिंगचे एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) सेल घ्या, १.२ व्होल्ट वाचून कमी समजू नका, साध्या अल्कलाइनवर काही फोटोंनंतर पुढच्या फ्लॅशला थांबून राहावं लागतं, यांच्यावर तसं फारसं होत नाही. पावसाळ्यात सेल काढूनच ठेवा. जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश घरात असेल तर डिजिटलवर चढवू नका, काहींचा ट्रिगर व्होल्टेज (शूमधून कॅमेऱ्याला लागणारं व्होल्टेज) इतका असतो की कॅमेरा जाईल. आणि सोनीवाल्यांनी, तुमचा शू जरा वेगळा असतो, पाय आपल्याच शूचा आहे ना ते बघूनच पैसे द्या.

कंपनीला मेल टाकलाय, पायाचा पार्ट सुटा विकायला ठेवा आणि त्याची किंमत साइटवर लिहा म्हणून. अजून काही आलेलं नाही, आलं की इथंच खाली टाकतो. सांगली-मिरज भागात कुणाला असा सुटा पाय नवीन मिळाला असेल तर दुकान जरूर कळवा, मला एक आणून ठेवायचाय.